सारसबाग : एका नांवाचा विचार

पुण्यांतील सारसबाग हिरवळीकरितां, दिवाळीपहाटेच्या मेळाव्याकरितां व 'तळ्यांतल्या गणपती'करितां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तळें कोठें आहे, असें एखाद्या मुलानें विचारलें म्हणजे वडील माणसें निरुत्तर होतात.

नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास पर्वतीच्या पायथ्याशीं आंबिल ओढ्याच्या पाण्यावर तळें करविलें. त्याच्या मध्यभागीं बेट राखून तेथें बाग लाविली, तीच सारसबाग. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत १७८४ सालीं बेटावर गणपतीची स्थापना झाली. पुढें तळें नाहींसें झालें. शेजारीं १९५३ सालीं पेशवे उद्यान व प्राणिसंग्रहालय निघालें, १९५६ सालीं मुलांची 'फुलराणी' गाडी धांवूं लागली आणि पुढें प्राणी कात्रजेस गेले.

आतां नांवाकडे वळूं. सारस हा पक्षी. त्यावरून बागेचें नांव पडलें, ही उपपत्ति सहज सुचते. परंतु 'सरस्' म्हणजे तळें. त्यास 'अण्' प्रत्यय लागून 'सारस' म्हणजे तळ्यांतील. अमरकोशांत कमळासही हा शब्द आहे. असें धरल्यास पंडितांची 'सारसबाग' व लोकांचा 'तळ्यांतला गणपती' एकच साक्ष देतात.

हें अनुमान व्युत्पत्तीचें आहे, कागदाचें नव्हे. ज्यांच्या संग्रहीं पेशव्यांच्या बागांचे हिशेब असतील, त्यांनीं ते या दृष्टीनें अवश्य चाळावे. पाणी गेलें, तरी नांव राहिलें. कागद गेल्यास मात्र नांवाचा अर्थही जाईल.