जुन्या बेंटलीची डागडुजी

१९९० सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात एका दाव्याचा निकाल लागला. दावा एका जुन्या मोटारगाडीच्या विक्रीसंबंधी होता. विकणाऱ्याचे म्हणणे असे की, १९२९ आणि १९३० या दोन्ही वर्षी फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली ती हीच. सौदा ठरला होता एक कोटी पौंडांचा. पुढे घेणाऱ्या कंपनीने पाऊल मागे घेतले. ज्या गाडीने त्या शर्यती जिंकल्या तिचे लोखंड या गाडीत औषधालाही उरलेले नाही, सांगाडा वेगळा, इंजिन वेगळे, वरची बांधणी वेगळी, मग नाव तेवढे जुने कसे, असा तिचा सवाल होता.

अशा प्रकारचा वाद नवा नव्हे. अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलेल्या थीसियसच्या गलबताच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या, तेव्हा हे तेच गलबत की दुसरे, यावर तत्त्वज्ञांत दोन पक्ष पडले, असे प्लुटार्कने नमूद करून ठेवले आहे. मात्र त्या वादात कोणाचे एक कोटी पौंड अडकलेले नव्हते.

भाग मोडला तर तो दुरुस्त करावा की काढून नवा घालावा, हा प्रश्न रोजच्या मोटारीच्या बाबतीत केवळ खर्चाचा असतो. शर्यतीसाठी घडविलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र तो खर्चाचा असून शिवाय इतिहासाचाही होतो. तो कसा झाला हे समजण्यासाठी बेंटलीच्या कारखान्यापर्यंत मागे जावे लागते.

वॉल्टर ओवेन बेंटली यांची उमेदवारी झाली ती रेल्वेच्या कारखान्यात, डॉनकास्टर येथे. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानांची इंजिने रचली आणि १९१९ साली स्वतःची मोटार कंपनी काढली. लंडनच्या क्रिकलवूड भागातील तिचा कारखाना फार मोठा नव्हता. १९३१ सालापर्यंतच्या बारा वर्षांत तेथून सगळ्या मिळून तीन हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. सांगाडा आणि यंत्र एवढेच कंपनी देई. वरची बांधणी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडून करवून घेई. यंत्राची मात्र पाच वर्षांची हमी असे. रेल्वेच्या इंजिनांवर हात बसलेल्या माणसाची ही गाडी होती. ती जड, दणकट आणि वर्षानुवर्षे चालावी अशा हिशेबानेच बांधलेली असे.

या इंजिनाची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या ओळखीच्या बहुतेक इंजिनांत सिलिंडरांचा ठोकळा आणि त्यावरचे डोके हे दोन वेगळे भाग असून मध्ये एक पातळ गॅस्केट असते. बेंटली यांनी दोन्ही एकाच ओतकामात केले. त्यामुळे गॅस्केट फुटण्याची भीतीच नाहीशी झाली. पण झडपा घासावयाच्या म्हटल्या की अख्खा ठोकळा उचलून बाहेर काढावा लागे. शिवाय त्या एका ओतकामाला कोठे तडा गेला तर इंजिनाचा सर्वांत महाग भाग हातचा गेला असे समजावयाचे. ही किंमत त्या काळी कोणाला फारशी जाणवली नाही, कारण कारखाना चालू होता आणि नवा ठोकळा मागविता येत होता.

शर्यतीच्या रस्त्यावर मात्र काहीच मागविता येत नसे. ल माँचा त्या वेळचा नियम कडक होता. गाडीवर काम करावयाचे ते चालकानेच, आणि तेही गाडीत बरोबर घेतलेल्या हत्यारांनी व सुट्या भागांनी. १९२७ सालच्या जून महिन्यात या नियमाची कसोटी लागली. रात्र पडल्यानंतर ‘व्हाइट हाऊस’ नावाच्या वळणावर एक फ्रेंच गाडी आडवी झाली, तिच्यावर एक बेंटली आदळली, तिच्यामागोमाग दुसरी. तिसरी बेंटली होती सॅमी डेव्हिस यांची. हे गृहस्थ पेशाने मोटारविषयक साप्ताहिकाचे पत्रकार. रस्त्यावर माती आणि मोडतोड पसरलेली दिसताच त्यांनी ब्रेक दाबला. तरीही गाडी त्या ढिगाऱ्यात घुसलीच. पुढचा आस वाकला, सांगाडा वाकला, मडगार्ड चेपले, एक दिवा फुटला. कंपनीच्या तीनही गाड्या एकाच वळणावर संपल्या, असे पाहणाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही.

डेव्हिस यांनी गाडी मागे घेऊन ओढत ओढत ठाण्यापर्यंत आणली. चाक बदलले, लोंबणारे मडगार्ड बांधून टाकले, फुटलेल्या दिव्याची उणीव भरून काढण्यासाठी समोरच्या काचेशी एक लहान विजेचा दिवा अडकविला. मग त्यांचे जोडीदार डॉक्टर बेंजाफील्ड यांनी गाडी पुढे नेली. पाऊस पडत होता आणि वाकडी गाडी एका बाजूला खेचत होती. आघाडीवरची फ्रेंच आरिएस गाडी शेवटच्या टप्प्यात बंद पडली आणि ही डागडुजी केलेली बेंटली पहिली आली. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात या विजयाप्रीत्यर्थ मेजवानी झाली, तेव्हा ही गाडी तशीच चेपलेल्या अंगाने भोजनगृहात आणून मानाच्या पाहुण्याच्या जागी उभी केली होती. तिची कोणी रंगरंगोटी केली नव्हती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

पुढल्या वर्षी, १९२८ साली, वुल्फ बार्नाटो आणि बर्नार्ड रुबिन यांच्या बेंटलीचा सांगाडा शर्यत चालू असतानाच तडकला. रेडिएटरचे पाणीही गेले. तीही जिंकली.

यानंतर आली ‘ओल्ड नंबर वन’. सहा सिलिंडरांची, साडेसहा लिटर इंजिनाची ‘स्पीड सिक्स’ जातीची ही गाडी १९२९ साली बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी, तर १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी ल माँला पहिली आणली. १९३१ साली ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीतही तिने पहिला क्रमांक मिळविला. या साऱ्या काळात कारखान्याने तिच्याकडे जुनी वस्तू म्हणून कधी पाहिलेच नाही. प्रत्येक हंगामापूर्वी ती उघडावयाची, जे झिजले असेल ते काढावयाचे, जे अधिक चांगले हाती असेल ते घालावयाचे. यात कोणाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. शर्यतीच्या गाडीचा उपयोग जिंकण्यासाठी. आणि ताशी शंभराहून अधिक मैलांच्या वेगात आसाने दगा दिला तर त्याची किंमत चालक भरतो.

ही किंमत काय असू शकते ते १९३२ सालच्या सप्टेंबरात दिसून आले. बार्नाटो यांनी गाडीत आता आठ लिटरचे इंजिन बसविले होते. ब्रुकलँड्सच्या त्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅक डनफी यांच्याकडून त्यांचे बंधू क्लाइव्ह यांनी चाक हाती घेतले. एका गाडीला मागे टाकताना बेंटलीची चाके तिरप्या धावपट्टीच्या काठाबाहेर गेली, गाडी पलीकडे कोसळली आणि क्लाइव्ह डनफी ठार झाले. मोडलेल्या गाडीवर पुढे बार्नाटो यांनी रस्त्यावर चालविण्याजोगी बंद बांधणी चढवून घेतली. तिची शर्यतीतली कारकीर्द तेथे संपली.

कंपनीची कारकीर्द त्याआधीच संपली होती. १९३१ साली बेंटली दिवाळखोरीत निघाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. पुढे बेंटली या नावाने डर्बीला निराळ्याच धाटणीच्या गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. क्रिकलवूडच्या गाड्या पोरक्या झाल्या. त्यांचे ओतीव भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आणि ज्या तीन हजार गाड्या होत्या त्यांतल्या एकीचे अवयव काढून दुसरीला जगविण्याचा परिपाठ पडला. १९३६ साली बेंटली चालकांचा क्लब निघाला, तो अशा गाड्या जपणाऱ्यांचाच. नवा भाग मिळत नाही म्हटल्यावर दुरुस्तीला किंमत येते. तांब्याच्या हंड्याला भोक पडले तर आपल्याकडे डाग देऊन तो पुन्हा पाण्याला लावीत. तीच गोष्ट येथे सिलिंडरच्या ठोकळ्याला लागू झाली.

हे काम हंड्यापेक्षा अवघड खरे. ओतीव लोखंड ठिसूळ असते. तड्यावर सरळ ज्योत धरून वेल्डिंग केले तर तापलेला भाग फुगतो, निवताना आक्रसतो आणि एका तड्याच्या शेजारी दुसरा पडतो. म्हणून एक तर अख्खे ओतकाम भट्टीत सावकाश तापवून, जोडून, तितक्याच सावकाश निवू द्यावे लागते. नाही तर जाळाशिवायची शिवणीची पद्धत वापरावी लागते. ही पद्धत अमेरिकेतील तेलक्षेत्रात १९३० नंतरच्या दशकात पुढे आली, कारण तेलाच्या शेजारी ज्योत पेटविणे म्हणजे आगीला आमंत्रण. यात तड्याला आडवी भोके पाडून त्यांची खाच करतात, तीत नरम मिश्रधातूची कळ ठोकून बसवितात आणि तड्याच्या रेषेवर एकमेकांत शिरणारे आट्यांचे खिळे पिळून पाण्याची वाट बंद करतात. घासून सारखे केल्यावर शिवण डोळ्यांना दिसतही नाही.

सिलिंडर झिजले तर ते कातून मोठे करतात आणि आत लोखंडी नळी दाबून बसवितात. ठोकळा तोच राहतो, त्यावरचा क्रमांकही तोच राहतो. बेअरिंगांची गोष्ट आणखी सोपी. जुन्या इंजिनांत बेअरिंगच्या आत कथिलाच्या पांढऱ्या मिश्रधातूचे अस्तर असे. असे बेअरिंग आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने १८३९ साली पेटंट केले. अस्तर झिजले की ते वितळवून काढावे, कवच स्वच्छ करून कल्हई करावी, नवा रस ओतावा आणि दांड्याच्या मापाला कातावे. म्हणजे हा भाग मुळातच पुन्हा पुन्हा दुरुस्त व्हावा अशा कल्पनेने घडविलेला. अॅल्युमिनियमचा चेपलेला पत्रा सरळ करण्यापूर्वी नरम करावा लागतो, आणि तो किती तापला हे डोळ्यांना कळत नाही, कारण वितळण्याच्या क्षणापर्यंत त्याचा रंगच पालटत नाही. त्यासाठी जुने कारागीर पत्र्यावर साबण घासतात. साबण काळवंडला की ज्योत दूर न्यावयाची. इतके साधे आणि इतके खात्रीचे माप क्वचितच सापडेल.

अर्थात सगळेच दुरुस्त करावे असे नाही. सुकाणूचा सांधा, कनेक्टिंग रॉड, आसाचे टोक यांत धातू थकला असेल तर तो टाकूनच दिला पाहिजे. तेथे इतिहासाचे प्रेम दाखविणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे. परंतु जेथे प्रश्न जिवाचा नसून केवळ श्रमाचा आणि पैशाचा आहे, तेथेही नवे घालण्याची घाई झाली, आणि तिने बरेच नुकसान केले. बेंटलीच्या किमती चढू लागल्या तसे लोकांना ल माँच्या थाटाची उघडी गाडी हवीशी झाली. मग ‘स्पीड सिक्स’च्या कितीतरी बंद कौटुंबिक गाड्यांच्या मूळ बांधण्या उतरवून फेकून देण्यात आल्या आणि त्यांवर शर्यतीच्या गाड्यांच्या नकला चढविल्या गेल्या. ज्यांनी कधी शर्यत पाहिली नाही त्या गाड्या शर्यतीच्या वेषात उभ्या राहिल्या. हे नाटकात शोभले असते.

अशा वातावरणात १९९० सालचा तो दावा उभा राहिला होता. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गाडीच्या एकेका भागाची वंशावळ तपासण्यात आली. १९२९ सालच्या गाडीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० सालच्या गाडीतले म्हणून गिअरपेटीच्या कवचासारखे मोजकेच तुकडे सापडले. सांगाडा आणि आठ लिटरचे इंजिन १९३२ सालच्या रूपातले. एवढ्यावर निकाल घेणाऱ्याच्या बाजूने जाईल असे कोणालाही वाटावे. न्यायमूर्तींनी मात्र तीन शब्दांत फरक केला. ही गाडी ‘मूळ’ नव्हे, कारण मूळ भाग गेले. ती ‘पुनर्निर्मित’ही नव्हे, कारण गाडी म्हणून ती कधी नाहीशीच झाली नव्हती. ती ‘अस्सल’ आहे, कारण नवे भाग आले ते चालत्या कारकीर्दीत, एकामागून एक, जुन्यांत मिसळत आले आणि तिच्या नावावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीही गाडी जगात नाही. घेणाऱ्याला सौदा पाळणे भाग पडले.

निकाल न्यायाचाच होता. तथापि त्यातून भलताच अर्थ काढणारे निघू शकतात. शर्यतीच्या धामधुमीत कारखान्याने बदललेला आस आणि साठ वर्षांनी एखाद्या धनिकाने केवळ चकाकी हवी म्हणून बदललेला आस यांना एकच माप लावता येत नाही. पहिला आस हा गाडीच्या चरित्राचा भाग, दुसरा त्या चरित्रावर घातलेले पांघरूण. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या ट्युरिनच्या सनदेत हाच विवेक सांगितला आहे. आधी जतन, मग दुरुस्ती, आणि नवीन भाग घालावाच लागला तर तो ओळखू यावा व त्याची नोंद राहावी. इमारतींच्या जीर्णोद्धारासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेवरून ही कल्पना घेतलेली आहे.

२०१९ साली खुद्द बेंटली कंपनीने एक निराळाच उद्योग आरंभिला. बर्किन यांच्या संघातील १९२९ सालची एक ‘ब्लोअर’ गाडी कंपनीच्या मालकीची आहे. तिचे भाग सुटे करून प्रत्येकाची मापे यंत्राने टिपून घेतली आणि त्यांवरून तंतोतंत तशाच बारा नव्या गाड्या बांधण्याचे जाहीर केले. त्या बारांत पहिल्या बोल्टापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत सारे नवे. ज्या जुन्या गाडीवरून मापे घेतली, तिच्यासाठी मात्र कंपनीने नव्या भागांची यादी केली नाही. तिची बारकाईने तपासणी करावयाची, गरज असेल तेवढीच हलक्या हाताने दुरुस्ती करावयाची आणि ती पुन्हा जोडून रस्त्यावर सोडावयाची, एवढेच तिच्यापुरते ठरले.