साताऱ्याची ‘प्रिया’: रांग, पाना आणि एका स्कूटरचा इतिहास

१/
सातारा म्हटले की अजिंक्यतारा, छत्रपतींची गादी आणि प्रतिसरकार आठवते. या शहराच्या नावावर आणखी एक नोंद आहे, तिची आठवण मात्र क्वचितच निघते. १९७५ मध्ये येथे ‘महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड’ ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या कारखान्यातून ‘प्रिया’ नावाची स्कूटर बाहेर पडू लागली. सातारा-सांगलीच्या मध्यमवर्गाने दुचाकी कशी मिळवली, कशी टिकवली आणि ती चालवताना अंगावर काय घातले, याचा हा धावता आढावा.

२/
प्रथम भूगोल. आजचा सांगली जिल्हा पूर्वीच्या सातारा जिल्ह्यातून आणि विलीन झालेल्या संस्थानांतून घडला. १९४९ मध्ये त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते. ‘सांगली’ हे नाव १९६० मध्ये मिळाले. यंत्राची ओळख या पट्ट्याला जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. १९१० मध्ये त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि ऑइल इंजिने तयार होत. विहिरीवरचे इंजिन दुरुस्त करणारा हात पुढे स्कूटरवर चालू लागला, यात नवल नाही.

३/
स्वातंत्र्यानंतर दुचाकी बनवणे हा परवान्याचा विषय झाला. कोणी, काय आणि किती नग बनवायचे हे सरकार ठरवी. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्डची बुलेट आणि मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ची लँब्रेटा सुरू झाली. साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. बजाज आधी व्हेस्पा आयात करून विकत असे. १९६० च्या सुमारास इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने ती भारतातच तयार होऊ लागली. अख्ख्या देशाची मागणी या मोजक्या कारखान्यांवर अवलंबून होती.

४/
परिणाम एकच: रांग. १९६० च्या स्कूटर वितरण आणि विक्री नियंत्रण आदेशामुळे स्कूटर वाण्याच्या दुकानातली वस्तू न राहता रेशनची वस्तू बनली. अनामत भरायची, नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. बजाजच्या स्कूटरसाठी ही प्रतीक्षा काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंत लांबली. सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा होता. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांग चुकवता येई. म्हणजे परदेशातला नातेवाईक हीसुद्धा एक प्रकारची मालमत्ता होती. हाती आलेली गाडी लगेच विकली तर नव्या गाडीपेक्षा जास्त किंमत मिळे. जुनी वस्तू नवीपेक्षा महाग असणे, हे टंचाईच्या अर्थव्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट लक्षण.

५/
मग कारखाने वाढवले का नाहीत? १९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यामुळे मोठ्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी सरकारची वेगळी मंजुरी लागे. दुसऱ्या बाजूला, मुंबई-पुण्याबाहेर उद्योग नेण्याचे राज्याचे धोरण होते. त्यासाठी पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ स्थापन झाले होते. या दोन गरजा साताऱ्यात एकत्र आल्या. नव्या संयुक्त कंपनीत महामंडळाचा २७ टक्के, बजाज ऑटोचा २४ टक्के आणि उरलेला ४९ टक्के वाटा जनतेचा. तंत्रज्ञान बजाजचे, गाव साताऱ्याचे, नाव ‘प्रिया’.

६/
प्रियाची बांधणी व्हेस्पाच्या घराण्यातली. वेगळी चौकट नाही, पत्र्याचे अंग हीच चौकट. टू-स्ट्रोक इंजिन मागच्या चाकाच्या उजवीकडे, त्यामुळे गाडीचा कल नेहमी त्या बाजूला. गिअर डाव्या मुठीत. चाके लहान आणि एकसारखी, म्हणून एकच स्टेपनी पुढेही चाले आणि मागेही. पंक्चर झाले तर चार-पाच नट काढून चाक बदलता येई. मोटारसायकलस्वाराला ट्यूब बाहेर ओढत बसावे लागे, तेव्हा स्कूटरवाला स्टेपनी लावून पुढे निघालेला असे. लांबच्या गावी शाळेवर जाणाऱ्या मास्तरांच्या दृष्टीने ही सोय वेगापेक्षा मोलाची होती.

७/
पण टू-स्ट्रोक इंजिनाची निगा रोजची. त्यात वंगणाची वेगळी टाकी नसे. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. दोन टक्क्यांचे प्रमाण धरले तर लिटरला २० मिलिलिटर. कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त झाले तर धूर आणि काजळी. प्लग काळा पडला की किक मारून पाय दुखे, गाडी काही सुरू होत नसे. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फट जुळवायची आणि पुन्हा किक. पेट्रोल रिझर्व्हच्याही खाली गेले की गाडी एका अंगाला कलती करून तळाचे थेंब नळीकडे आणायचे. ही तर घराघरातली विद्या होती.

८/
याच्या पुढचे काम मिस्त्रीचे. सायलेन्सरमध्ये कार्बन साचला की गाडीचा जोर जाई. मग सायलेन्सर काढून आगीत तापवून ‘जाळायचा’. कॉन्टॅक्ट पॉइंट घासायचे, क्लचची केबल बदलायची, सिलिंडर झिजला तर रिबोअर करून मोठा पिस्टन बसवायचा. एकच इंजिन दोन-तीन वेळा असे नवे होई. सुटे भाग आणि नवी गाडी दोन्ही दुर्मिळ असताना टाकून देणे परवडत नसे. आज ‘टिकाऊपणा’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातला मोठा वाटा कारखान्याइतकाच या मिस्त्रींचा आहे. त्यांची नावे कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाहीत.

९/
आता पोशाख. सातारा जिल्ह्यात एका दिवसात दोन ऋतू भेटतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. पूर्वेला माण-खटाव कोरडे, आणि सांगलीतले जत-आटपाडीही तसेच. पसरणी घाट उतरणाऱ्याला रेनकोट हवा, दहिवडीकडे जाणाऱ्याला धुळीपासून नाकतोंड झाकायला टॉवेल. खास दुचाकीस्वारांसाठी शिवलेले जाकीट किंवा हातमोजे ही कल्पना सामान्य घरात नव्हती. थंडीत मफलर, स्वेटर आणि छातीशी शर्टाच्या आत घडी घातलेले वर्तमानपत्र, हेच कवच. स्कूटरचे पुढचे रुंद पत्र्याचे पान चिखल अडवी, म्हणून धोतर-पायजम्यातही ती चालवता येई. व्हेस्पाची लोकप्रियता समजून घेताना ही साधी गोष्ट विसरू नये.

१०/
आणि डोके? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने देशभर हेल्मेटची सक्ती केली; हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. पगडीधारी शिखांना सूट मिळाली. कागदावरचा कायदा रस्त्यावर यायला मात्र दशके लागली. पेठेतून मंडईपर्यंत जायला हेल्मेट कशाला, हा युक्तिवाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराने केला. स्कूटर शहराच्या वेगाची होती, तोवर तो निभावलाही. पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला आणि तोच युक्तिवाद जीवघेणा ठरू लागला. २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणेही बेकायदा आहे.

११/
या इतिहासाची एक काळी बाजूही नोंदवायला हवी. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. पण ज्या वस्तूसाठी दहा वर्षे थांबावे लागे, ती लग्नाच्या बैठकीत मागितली जाऊ लागली. मुलीच्या वडिलांनी नाव नोंदवायचे आणि गाडी जावयाने फिरवायची. गाडीचे नाव बाईचे, मूठ मात्र बहुधा पुरुषाच्या हाती. स्त्रिया मोठ्या संख्येने स्वतः दुचाकी चालवू लागल्या त्या वेगळ्या यंत्रांमुळे: १९७२ ची पुण्याची लुना आणि ऐंशीच्या दशकातली, गिअर व किकची कटकट नसलेली कायनेटिक होंडा. जड किक हा केवळ यांत्रिक तपशील नव्हता. गाडी कोणाची, हे तीच ठरवत होती.

१२/
रांग संपली ती स्पर्धेने. ऐंशीच्या दशकात सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे नाही, धूर कमी, आणि एका लिटरमध्ये स्कूटरपेक्षा कितीतरी जास्त अंतर. उसाच्या बिलावर गाडी घेणाऱ्या वाळवा-कराडच्या शेतकऱ्याला मोठ्या चाकांची मोटारसायकल पाणंदीतही सोयीची वाटली. नव्वदीपासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. ज्या ग्राहकाला दहा वर्षे थांबवले होते, त्याने पाठ फिरवायला फार वेळ घेतला नाही.

१३/
साताऱ्याच्या कारखान्याचे पुढे काय झाले? गिअरच्या स्कूटरचे उत्पादन २००६ च्या सुमारास थांबले. मग तेथे डाय, जिग आणि फिक्श्चर बनू लागले. २००९ च्या अखेरीस बजाज ऑटोनेही स्कूटर सोडत असल्याचे जाहीर केले. मात्र कंपनीचे खरे धन यंत्रांत नव्हतेच. वर्षानुवर्षे साठलेले बजाज समूहातील समभाग हीच तिची दौलत होती.

१४/
२००३ मध्ये महामंडळाने आपला २७ टक्के वाटा विकायचे ठरवले. भावावरून वाद झाला. २००६ मध्ये लवादाने समभागाला १५१ रुपये ६३ पैसे हा दर ठरवला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये तोच दर कायम झाला. तोवर बाजारभाव त्याच्या अनेक पटींनी वर गेला होता. कराराच्या दृष्टीने निकाल सुसंगत असेल; पण मागास भागाच्या विकासासाठी सार्वजनिक पैशातून घेतलेल्या वाट्याचे फळ शेवटी कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा.

१५/
ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाण्यात बुडालेली जुनी किकची गाडी प्लग काढून, पाणी झटकून, ऑइल बदलून पुन्हा उभी करता येते. आजच्या गाडीत सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. ती जास्त स्वच्छ, जास्त सुरक्षित आणि कमी कटकटीची आहे, पण मालकाच्या हातातला पाना तिला पुरत नाही. जे मिळाले आणि जे गेले, दोन्ही मोजले पाहिजे.

१६/
प्रियाचा इतिहास अजून फारसा लिहिला गेलेला नाही. त्याची साधने घराघरात आहेत: नोंदणीची पावती, जुने आरसी बुक, गॅरेजचे बिल, गाडीला हार घातलेला फोटो. आपल्या घरी किंवा गावातल्या जुन्या गॅरेजमध्ये असे काही असेल तर रद्दीत घालण्यापूर्वी त्याची नीट छायाचित्रे घ्या, तारीख लिहून ठेवा आणि त्या काळच्या मिस्त्रींशी बोलून घ्या. कारखान्याची कागदपत्रे कंपनीकडे राहतात. प्लग कसा साफ करायचा, रांगेत किती वर्षे गेली आणि गाडी आली त्या दिवशी घरात काय झाले, हे फक्त माणसांकडेच असते.