किराया जालन्याचा, कायदा हैदराबादचा

पुण्यात लोक घर भाड्यानं घेतात, आपल्याकडं जालन्यात किरायानं घेतात. फरक नुसता शब्दाचा नाही, बरं का. कित्येक वर्षं दोन्हीकडचा कायदाही वेगळा होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, पण हैदराबाद राज्य पुढं काही वर्षं राहिलं. त्या राज्यानं १९५४ साली घरभाडे नियंत्रणाचा कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला. इतकं सगळं बदललं, पण किरायेदाराचा कायदा हैदराबादचाच राहिला! मुंबई-पुण्याला १९४७ चा कायदा, विदर्भाला १९४९ चा आदेश आणि आपल्याला हा. पुण्याच्या भाडेकरूचा खटला कोर्टात चाले, जालन्याचा अर्ज मात्र रेंट कंट्रोलरपुढं जाई.

त्या कायद्याचं सूत्र साधं होतं. मालकाच्या मनात आलं म्हणून घर खाली करून घेता येणार नाही, कारण दाखवावं लागेल. किराया थकला, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, घराची नासधूस केली किंवा मालकाला स्वतःलाच घर लागतं, अशी ती कारणं. किरायेदाराला आधार मिळाला. मालकाला मात्र धास्ती, की एकदा आत आलेला माणूस निघायचा कधी?

३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे गेले. म्हणजे हैदराबाद राज्य सुटल्यावरही ४३ वर्षं आपण त्याच्या कायद्याखाली नांदलो.

आता त्या ‘अकरा महिन्यांच्या’ कागदाकडं येऊ. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणून लोकांनी अकरा महिने लिहायची वाट काढली. ही सवय अजून टिकून आहे. पण २००० पासून महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही. नव्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत किरायेदार सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

म्हणजे नोंदणीचे चार पैसे वाचवणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो. आणि किरायेदारानंही नुसत्या कायद्याच्या भरवशावर राहू नये. दिलेल्या किरायाची पावती मागणं हा त्याचा हक्क आहे. कलम २६ तेच सांगतं.

कायदे बदलायला ४३ वर्षं लागली, सवयी त्याहून हळू बदलतात. निदान पुढचा किरायानामा करताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची पायरी चढा, एवढं सांगतो आणि थांबतो.