किंमत कोण ठरवतो?

मराठी समीक्षक शोकांतिकेविषयी लिहू लागले की मांडणी ठरलेली असते. माणूस एक निवड करतो, ती चुकते आणि तो तिची किंमत मोजतो. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले (1970) अप्पा बेलवलकर सारे काही मुलांना वाटून टाकतात आणि पुढे रस्त्यावर येतात. अप्पांचे दुःख खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु त्यांच्यापाशी वाटून टाकण्याजोगे काही होते, हे विसरू नये. ज्याच्यापाशी आडनावाखेरीज काहीच नाही, त्याच्या निवडीचा हिशेब या मांडणीत बसत नाही.

1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. संस्थानची शिष्यवृत्ती घेतली होती, करार पाळायचा होता. गावात जागा मिळेना. अखेर पारशी नाव नोंदवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले, दीड रुपया रोजाने. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, दोघांनीही टाळले. मुंबईची गाडी येईपर्यंत हा कोलंबियात शिकलेला माणूस बागेत बसून राहिला.

त्याच लोहमार्गावर, सुरतेकडे, रेल्वेच्या नोकरीत बाबुराव बागूल पुढे काही काळ होते. त्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा 1963 च्या संग्रहात आली. कथेतला तरुण शिकलेला आहे, कविता करतो. सवर्ण सोबती त्याला डोक्यावर घेतात, घरी नेऊन जेवू घालतात. आणि त्या प्रत्येक घासागणिक त्याची भीती वाढत जाते, कारण हे प्रेम त्याला मिळतच नसते, ते त्याच्या न सांगितलेल्या जातीला मिळत असते. जात कळते आणि तेच हात त्याला बडवून काढतात. तो खोटे वागला म्हणून त्याच्यावर ही पाळी आली, असे कोणी म्हणेल. वर्गात विद्यार्थीही म्हणतात. मग काशिनाथचे काय करायचे? तोही त्याच कथेत आहे. त्याने काहीच चोरलेले नाही, आणि त्याला चोवीस तास भांडणाच्या पवित्र्यात जगावे लागते. अखेर मार खाणाऱ्याला सोडवायला तोच धावून येतो. लपवणारा एकदम भरतो, उघड राहणारा रोज भरतो. दर मात्र दोघांनीही ठरवलेला नाही. आणि 'चोरली' हा शब्द तरी पाहा! स्वतःचीच वस्तू लपवणाऱ्याला चोर म्हणणारी ही कुठली दंडसंहिता?

याच्या उलट उदाहरण कुमुद पावडे यांचे. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत हवे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढच्या पिढीत नागपूरच्या कुमुद सोमकुवर यांना ते घेता आले. नाव न लपवता, राजरोसपणे त्यांनी संस्कृत निवडले आणि उत्तम गुणांनी एम.ए. केले. ब्राह्मणाच्या मुलाने हेच केले असते तर त्याला कोणी निवडसुद्धा म्हटले नसते, घरची रीत म्हटले असते. सोमकुवरांच्या मुलीने केले तेव्हा ते नवल ठरले. कौतुक झाले, पण नोकरी मिळेना. एम.ए. होऊनही त्या दोन वर्षे हिंडत राहिल्या. पुढे सवर्ण समाजातील गृहस्थाशी त्यांचा विवाह झाला, आडनाव बदलले, आणि त्यानंतर सरकारी महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली. तीच बाई, तीच पदवी, तेच गुण. 'अंतःस्फोट'मध्ये (1981) त्यांनी हे सारे शांतपणे लिहिले आहे, आणि त्या नेमणुकीचे श्रेय कुमुद सोमकुवरला दिलेले नाही. ते त्यांनी कुमुद पावडेच्या खात्यावर मांडले आहे.