मांतों

फ्रान्सच्या आग्नेय टोकावरचे, भूमध्य समुद्राकाठचे विश्रामनगर. लोकसंख्या सु. ३०,०००. आल्प-मारितीम विभागातील हे शहर नीसच्या पूर्वेस सु. ३० किमी. अंतरावर आहे. त्याचा पूर्वेकडील गाराव्हां हा भाग संपतो, तेथे इटलीची सरहद्द लागते. इटालियन भाषेत गावाचे नाव मेन्तोने. रिव्हिएरावरील कान, नीस, मोनाको या नावांच्या झगमगाटात ते मागे पडते आणि बरेच प्रवासी मोनाकोहूनच परत फिरतात. ज्यांना समुद्रकाठचे गाव निवांतपणे पायी हिंडून पाहायचे आहे, त्यांनी मात्र या किनाऱ्यावर आधी मांतोंच गाठावे.

आल्प्सच्या शेवटच्या रांगा येथे समुद्राच्या अगदी जवळ येऊन हजार मीटरच्या वर उठतात. उत्तरेचे थंड वारे या भिंतीला अडतात आणि रोन नदीच्या खोऱ्यातून सुटणारा बोचरा मिस्त्राल वाराही येथवर फारसा पोचत नाही. दक्षिणेला उघडा समुद्र असल्याने हिवाळ्यातही उबदार ऊन मिळते. गोठवणारी थंडी क्वचितच पडते. लिंबाचे झाड गोठणबिंदूखालच्या थंडीत टिकत नाही, त्यामुळे युरोपात इतक्या उत्तरेस त्याची बाग सहसा होत नाही. मांतोंत मात्र ती शतकानुशतके होत आली. गावाचा व्यापार, त्यासाठी झालेले बंड, येथे आलेले रुग्ण आणि त्यांच्या मागोमाग उभ्या राहिलेल्या बागा या सगळ्यांचे मूळ या डोंगरांच्या आडोशात आहे.

येथील लिंबू आपल्या कागदी लिंबाहून मोठे, लांबट आणि झळझळीत पिवळे असते. साल सुवासिक, रसाला कडवटपणा कमी. डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली असतात आणि तोडणी हातानेच होते. फळावर मेणाचा थर दिला जात नाही. एके काळी हीच लिंबे जहाजांतून दूरच्या बाजारपेठांत जात आणि गावाचा संसार त्यांवर चाले. पुढे स्पर्धा, झाडांवरचे रोग, घरबांधणीने गिळलेली जमीन आणि १९५६ सालची कडाक्याची थंडी यांमुळे बागा ओसरल्या. गेल्या काही दशकांत थोड्या शेतकऱ्यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. २०१५ मध्ये ‘मांतोंचे लिंबू’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. उत्पादन अजूनही अल्प आणि भाव चढाच आहे.

मोनाकोचे स्वामी ग्रिमाल्दी यांनी १३४६ मध्ये मांतों विकत घेतले आणि पुढची सु. पाचशे वर्षे ते मोनाकोच्या अमलाखाली राहिले. बागा आणि शेते मांतों व शेजारच्या रॉकब्रून गावाची, तिजोरी मात्र मोनाकोच्या राजपुत्राची, अशी ही व्यवस्था होती. लिंबे व ऑलिव्ह तेल यांवरच्या करांचा जाच वाढत गेला. १८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे सुटले, तेव्हा या दोन्ही गावांनी मोनाकोशी नाते तोडले आणि सार्डिनियाच्या संरक्षणाखाली स्वतःला मुक्त नगरे म्हणून घोषित केले. १८६० च्या सार्वमतात त्यांनी फ्रान्सच्या बाजूने कौल दिला. १८६१ मध्ये मोनाकोचा राजपुत्र तिसरा शार्ल याने चाळीस लाख फ्रँक घेऊन आपला हक्क सोडला. मोनाकोचा बहुतेक सगळा मुलूख असा गेला. उत्पन्न बुडालेल्या त्या चिमुकल्या राज्याने मग जुगारघराचा आधार घेतला. माँटे कार्लोच्या भरभराटीमागे मांतोंच्या लिंबूबागांचे बंड आहे, हे तेथे फिरणाऱ्या पर्यटकाला सहसा कोणी सांगत नाही.

१८५९ मध्ये जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर येथे आला. त्याला क्षय झाला होता आणि अखेरचे दिवस शांतपणे काढावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. पण त्याची प्रकृती सुधारली. पुढे दर हिवाळ्यात तो मांतोंला येऊ लागला, येथेच रुग्ण तपासू लागला आणि येथील हवामानावर त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात स्वच्छ हवा, ऊन आणि विश्रांती हाच उपचार मानला जाई. ब्रिटन, जर्मनी, रशिया येथून रुग्णांची रीघ लागली. १८६९ मध्ये रेल्वे आली आणि लिंबांच्या गावाचे हॉटेलांचे शहर झाले. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणी येथे येऊन राहून गेली, त्यानंतर तर प्रतिष्ठेला काही कमी उरले नाही. रिव्हिएराचा हंगाम तेव्हा हिवाळ्याचा होता. उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी येण्याची चाल पहिल्या महायुद्धानंतर पडली.

बेनेट बरा झाला. बरेच जण झाले नाहीत. जुन्या गावाच्या माथ्यावर, पूर्वीच्या किल्ल्याच्या जागी असलेल्या दफनभूमीत इंग्रजी, जर्मन, रशियन नावांचे दगड ओळीने उभे आहेत. त्यांवरची जन्म-मृत्यूची साले वजा केली की किती तरुण माणसे येथे आशेने आली होती ते कळते. पांढऱ्या-काळ्या रेखाचित्रांनी इंग्रजी चित्रकलेत खळबळ उडवणारा ऑब्री बिअर्डस्ले १८९८ मध्ये येथे वारला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याची कबर जवळच्या त्राब्युके दफनभूमीत आहे. जुन्या दफनभूमीत सर्वाधिक वर्दळ असते ती विल्यम वेब एलिस याच्या कबरीपाशी. रग्बी शाळेत त्याने १८२३ मध्ये फुटबॉल हातात उचलून धाव घेतली आणि त्यातून रग्बीचा खेळ जन्मला, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती मानत नाहीत, तरी रग्बीचा विश्वचषक त्याच्याच नावाचा आहे. पुढे धर्मोपदेशक झालेला हा गृहस्थ १८७२ मध्ये मांतोंत वारला. विसरली गेलेली त्याची कबर १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सापडली. आता जगभरचे खेळाडू तेथे आपापल्या संघांच्या खुणा ठेवून जातात. न्यूझीलंडची कथालेखिका कॅथरिन मॅन्सफील्ड हीसुद्धा क्षयाशी झगडत १९२०-२१ मध्ये गाराव्हांतील ‘इझोला बेल्ला’ या घरात राहिली आणि तिने काही उत्तम कथा तेथे लिहिल्या. तिच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पाठ्यवृत्तीवर १९७० पासून न्यूझीलंडचे लेखक मांतोंत येऊन राहतात. समुद्रावर एक दिवस कमी घालवावा लागला तरी चालेल, पण ही दफनभूमी पाहिल्यावाचून मांतों सोडू नये. खाली बंदर, डावीकडे इटलीचा किनारा आणि मागे डोंगर असे साऱ्या गावाचे दर्शन घडते तेही येथूनच.

दफनभूमीकडे जाणारी वाट जुन्या गावातून चढते. पिवळी, शेंदरी, गुलाबी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दुपारीही सावली असते. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळी, ऊन चढण्याआधी निघावे. चढणीच्या मध्यावर सँ-मिशेल हे बरोक शैलीतील चर्च लागते. मोनाकोचा राजपुत्र दुसरा ओनोरे याच्या आश्रयाने सतराव्या शतकात ते बांधले गेले. त्याचा ५३ मी. उंच मनोरा समुद्रावरून दुरूनच दिसतो. समोरच्या चौकात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी बसवली असून तीत ग्रिमाल्दी घराण्याचे चिन्ह आहे. १९५० पासून दर उन्हाळ्यात याच चौकात संगीत महोत्सव भरतो. तीन बाजूंना दर्शनी भिंती आणि चौथीकडे समुद्र, अशा जागी पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायला मिळणे हे मोठे भाग्य आहे. ऑगस्टमधल्या गर्दीचा त्रास सोसावा असे एवढे एकच कारण मला दिसते.

कवी, चित्रकार व चित्रपट-दिग्दर्शक जाँ कॉक्तो याने आयुष्याच्या उत्तरार्धात या गावाला बरेच काही दिले. नगरपालिकेतील विवाह-दालन त्याने १९५७-५८ मध्ये रंगवले. समोरच्या भिंतीवर एक कोळी आणि त्याची वधू आहेत. कोळ्याचा डोळा माशाच्या आकाराचा, वधूच्या डोक्यावर या भागातली रुंद गवती टोपी. बाजूच्या भिंतीवर ऑर्फियसची कथा आहे. येथे आजही लग्ने लागतात, म्हणून पाहायला जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी. बंदरावरचा सतराव्या शतकातला बुरूज कॉक्तोनेच संग्रहालयासाठी सजवला. ते खुले झाले त्याच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये. सेव्हरिन वुंडरमन यांनी दिलेल्या कॉक्तो-संग्रहासाठी वास्तुकार रूदी रिचॉती यांनी योजलेले नवे, पांढरे संग्रहालय २०११ मध्ये समुद्रालगत उघडले. ऑक्टोबर २०१८ च्या वादळात लाटा आत घुसल्या आणि ते बंद करावे लागले. एवढा मोलाचा संग्रह पाण्याच्या इतक्या जवळ ठेवण्याचा निर्णय चुकीचाच होता.

बागा ही मांतोंची खरी श्रीमंती. येथील हवेत उष्ण कटिबंधातली झाडेही उघड्यावर जगतात, हे कळताच हौशी आणि धनिक बागप्रेमी येथे आले. इंग्लंडमधील हिडकोट या विख्यात बागेचा निर्माता लॉरेन्स जॉन्स्टन याने १९२४ मध्ये गोर्बियो खोऱ्यात जमीन घेऊन ‘सेर द ला मादोन’ ही बाग रचली आणि दूरदूरच्या देशांतून आणलेली झाडे तीत लावली. उतारावरचे टप्पे, पाण्याची कुंडे आणि त्यांत पडलेली झाडांची प्रतिबिंबे यांमुळे तेथे तास कसे जातात ते कळत नाही. गाराव्हांतील व्हाल रामे या बागेची सुरुवात पर्सी रॅडक्लिफ या ब्रिटिश गृहस्थाने केली. १९६६ पासून ती फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाकडे आहे. ईस्टर बेटावरून नैसर्गिक अवस्थेत नामशेष झालेले तोरोमिरो हे झाड तेथे जपले आहे. स्पॅनिश कादंबरीकार ब्लास्को इबान्येझ याने राजकीय विजनवासात उभारलेली ‘फोंताना रोझा’ ही बाग लेखकांना वाहिलेली असून रंगीत चिनी मातीच्या फरशांनी मढवलेली बाके, खांब, कारंजी हे तिचे वैशिष्ट्य. इबान्येझ १९२८ मध्ये मांतोंतच वारला.

फेब्रुवारीच्या मध्यापासून दोनेक आठवडे लिंबू-उत्सव चालतो. १९२९ मध्ये एका हॉटेलच्या बागेत भरलेल्या फळाफुलांच्या प्रदर्शनापासून त्याची सुरुवात झाली आणि १९३० च्या दशकात त्याला आजचे रूप आले. झाकलेल्या कारेई ओढ्यावर केलेल्या बियोव्हेस बागेत लिंबा-संत्र्यांचे प्रचंड देखावे उभारतात, समुद्रालगतच्या रस्त्यावरून सजवलेले रथ निघतात. प्रत्येक फळ रबरबँडने हाताने बसवलेले असते. सुमारे १४० टन फळे लागतात आणि ती बहुतांशी स्पेनहून येतात. मांतोंचे स्वतःचे लिंबू इतके थोडे की ते देखाव्यात घालणे परवडणारे नाही. म्हणून स्थानिक लिंबाची चव घ्यायची असेल, तर उत्सवाच्या मांडवापेक्षा मंडईत जावे.

ही मंडई १८९८ ची, दर्शनी भागावर रंगीत चिनी मातीची सजावट असलेली. ती सकाळीच भरते. चण्याच्या पिठात पाणी आणि ऑलिव्ह तेल घालून मोठ्या परातीत भट्टीत भाजलेला ‘सोका’ हा पदार्थ मराठी माणसाला बेसनाच्या धिरड्याची आठवण करून देईल. पालेभाजी भरून तळलेल्या ‘बार्बाजुआं’ विकत घेताना शाकाहारी लोकांनी आत मांस नाही ना, हे विचारावे. सरहद्दीलगतचे ‘मिराझ्यूर’ हे माउरो कोलाग्रेको यांचे उपाहारगृह २०१९ मध्ये जगातले सर्वोत्तम ठरले. तेथे जागा फार आधी राखून ठेवावी लागते.

सरहद्दीवरचे गाव म्हणून मांतोंने खूप सोसले. जून १९४० मध्ये इटलीच्या सैन्याने ते घेतले. १९४३ मध्ये जर्मन आले आणि सप्टेंबर १९४४ मध्ये गाव मुक्त झाले. युद्धानंतर सरहद्द हळूहळू नावापुरती उरली होती. २०१५ च्या उन्हाळ्यात मात्र फ्रान्समध्ये प्रवेश न मिळालेले आफ्रिकी निर्वासित सरहद्दीलगतच्या खडकांवर दिवसेंदिवस बसून राहिले. त्याच किनाऱ्यावर सुटीचे स्नान करणाऱ्यांनी या घटनेकडे पाठ फिरवू नये. नाक्याच्या पलीकडे लगेच इटलीतील बाल्झी रोस्सी या गुहा आहेत. १८७२ मध्ये एमिल रिव्हिएर याला तेथे शिंपल्यांच्या अलंकारांसह पुरलेला हिमयुगीन सांगाडा सापडला. तो बराच काळ ‘मांतोंचा पुरुष’ म्हणून ओळखला गेला. पुढील अभ्यासकांनी तो स्त्रीचा असल्याचे मत मांडले.

पश्चिमेला कॅप मार्तेंच्या भूशिराला वळसा घालणारी पाऊलवाट अवश्य चालावी. तिच्या काठी वास्तुकार ल कॉर्ब्यूझिए याची ३·६६ मी. लांबी-रुंदीची लाकडी झोपडी आहे. १९५२ मध्ये त्याने ती स्वतःसाठी बांधली आणि १९६५ मध्ये खालच्याच समुद्रात पोहताना त्याचा मृत्यू झाला. त्यानेच योजलेले चंडीगढचे कॅपिटॉल संकुल आणि ही झोपडी २०१६ मध्ये एकाच नोंदीखाली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

ऑक्टोबर ते मे हा येथे येण्याचा उत्तम काळ. नीसहून किनाऱ्याने जाणारी स्थानिक रेल्वे सोयीची आहे. समुद्र दिसावा म्हणून जाताना उजव्या बाजूला बसावे. पुळणीवर बहुतेक ठिकाणी गोटे असल्याने पाण्यात चालताना जाड तळव्याचे जोडे बरे पडतात. शेंगेन व्हिसा फ्रान्स आणि इटली दोन्हीकडे चालतो, तरी २०१५ पासून सरहद्दीवर आणि गाड्यांत तपासणी होत असल्याने पलीकडच्या व्हेन्तिमील्याच्या शुक्रवारच्या बाजाराला जातानाही भारतीय प्रवाशाने पासपोर्ट जवळ ठेवावा.