हिशेबातील गोळी आणि मोजलेली गोळी

प्रयोगवहीत आकडे भरताना पुष्कळ विद्यार्थी आधी पुस्तकातील उत्तर पाहतात आणि मग आपली निरीक्षणे त्याला जुळवून घेतात. या खोडीने काय गमावले जाते, हे इतिहासातील एका उदाहरणावरून दिसेल.

बेंजामिन रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधील बाथ येथे एका गरीब क्वेकर कुटुंबात झाला. बंदुकीच्या दारूपासून निघणारा वायू म्हणजे दाबून भरलेली हवाच, असे मानून त्याने बॉईलच्या नियमाने गोळीचा वेग कागदावर काढला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. लाकूड जडवलेल्या जड लंबकावर गोळी झाडून तो किती मागे झुलतो हे त्याने मोजले व त्यावरून खरा वेग काढला. १७४२ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नळीतून सुटतानाचा वेग हिशेबाशी बराच जुळला. पुढील प्रवास मात्र मुळीच जुळेना. कागदावर सुमारे १६ मैल जाणारा चोवीस पौंडी तोफगोळा प्रत्यक्षात ३ मैलही जात नव्हता. या तफावतीतूनच हवेच्या विरोधाचे खरे बळ कळले.

हवेच्या बंदुकीत हाच प्रश्न झडपेपाशी उभा राहतो. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारलेल्या जिरार्दोनीच्या बंदुकीत दस्ता हीच हवेची टाकी होती. ती भरण्यास पंप सुमारे १५०० वेळा मारावा लागे. चाप ओढताच झडप क्षणभर उघडून मिटे. आज अशा झडपेचे काम संगणकावर मांडता येते. परंतु झडप एकदम पूर्ण उघडते, हवा कोठेही गळत नाही, पसरताना थंड होत नाही, असे धरून चालले की वेग जास्त येतो. मोजलेला वेग कमी भरला की कोणते गृहीत चुकले, याचा शोध सुरू होतो.

आपल्या पूर्वजांनाही ही वाट ठाऊक होती. १२०६ साली यंत्रांवरील ग्रंथ पूर्ण करणाऱ्या अल्-जझरीने शंकूच्या आकाराच्या झडपा पाणी गळणार नाही इतक्या घासून बसवल्या. जलघड्याळातील प्रवाहाचे जुने मापही त्याने स्वतः तपासले आणि नव्याने आखले.

रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलोरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. त्याची विद्या कंपनीच्या कामी आली. ज्याच्या हाती विद्या, त्याच्याच हाती बळ!

इल्म म्हणजे नुसते पाठांतर नव्हे. म्हणून पालकांनी मुलांना, "उत्तर जुळले का?" एवढेच विचारू नये, "तू स्वतः मोजलेस का?" हेही विचारावे.