भिजवलेल्या हरभऱ्याचा मनोरा

पहूर पेठेतल्या आमच्या आत्याच्या बालवाडीत एक लोखंडी कपाट होते आणि त्या कपाटात रंगीत लाकडी ठोकळ्यांची एक पेटी होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझी शाळा दुपारची, म्हणून सकाळी चटया अंथरायला आणि मुलांना घरोघरून बोलावून आणायला मी आत्याच्या हाताखाली असे. त्या दोन वर्षांत ती पेटी मी दोनदाच उघडलेली पाहिली. दोन्ही वेळा तपासणीला साहेब येणार होते. ठोकळे जडसंग्रह वहीत चढवलेले होते. एखादा हरवला तर भरपाई आत्याच्या मानधनातून व्हायची, आणि ते मानधन असे की ठोकळा हरवणे तिला परवडणारे नव्हते.

मग आत्या घरून वाटीभर भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्यांचे तुकडे आणायची. काडीचे टोक हरभऱ्यात खुपसायचे, दुसऱ्या टोकाला दुसरा हरभरा. चार काड्यांचा चौकोन, तीन काड्यांचा त्रिकोण, त्यावर आणखी मजले. अगदी धाकट्यांच्या हाती ती सुटा दाणा देत नसे. चार-पाच वर्षांची मुले मात्र तासभर त्यात बुडून जात.

एके दिवशी खडी फोडणाऱ्या कुटुंबातल्या एका मुलाने तीन मजली मनोरा केला आणि थोड्या वेळाने वरून एकेक हरभरा काढून खाऊन टाकला. शेवटी पुढ्यात नुसत्या काड्या उरल्या. आम्ही पोरे हसलो, आत्या हसली नाही. हा प्रकार घरी आजीच्या कानावर गेला, तेव्हा ती चुलीपुढून म्हणाली, ‘‘दाने खायाले असता, खेयाले नही. बाहत्तर साल इसरली का माय?’’

१९७२च्या दुष्काळात आजीने खडी फोडली होती. कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन घर तगले होते. तिच्या बोलण्याला उत्तर नव्हते. माझ्या मनात मात्र तेव्हापासून दोन प्रश्न राहिले. हा खेळ आत्याकडे आला कुठून? आणि आजीचे म्हणणे खरे मानले, तर तो खेळ चूक ठरतो का? पहिल्या प्रश्नावर आत्याचे उत्तर एवढेच होते, ‘‘शिबिरात एका बाईंनी दाखवला.’’ त्या बाईंच्या मागे किती लांबची वाट होती, ते मला फार उशिरा कळले.

ती वाट जर्मनीत सुरू होते. फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) हा बालशिक्षणाकडे वळण्याआधी बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहाचे काम पाहत होता. साध्या घटकांतून नेमक्या आकाराची रचना कशी उभी राहते, हे त्याने आधी स्फटिकांत पाहिले. पुढे बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने मुलांसाठी खेळसाहित्य तयार केले आणि १८४०मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. या साहित्याला तो ‘भेटी’ म्हणे. तिसरी भेट म्हणजे आठ छोट्या घनांत सुटणारा एक लाकडी घन. आज जगभर मुलांच्या हाती असलेल्या ठोकळ्यांच्या पेट्यांचा हा पूर्वज.

या ठोकळ्यांची आठवण सगळे ठेवतात. पण फ्रोबेलच्या परंपरेत पुढे रूढ झालेल्या वीस भेटींच्या यादीत एकोणिसावी भेट आहे ती वाटाण्यांची! वाटाणे भिजवायचे, किंचित सुकवायचे आणि टोकदार काड्यांनी जोडून आकार उभे करायचे. म्हणजे माझ्या आत्याचा खेळ, हरभऱ्याऐवजी वाटाणा. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर याने सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. १८९९मध्ये तो बालवाडीत होता. नजर अधू होती आणि चष्मा अजून लागायचा होता. इतर मुलांनी वाटाणे-काड्यांची चौकोनी घरे केली. याला घरे नीट दिसतच नव्हती, म्हणून जे हाताला पक्के लागेल ते तो जोडत गेला, आणि झाले ते त्रिकोणांचे जाळे. त्रिकोणांच्या जाळ्यांतून उभे राहिलेले त्याचे घुमट पुढे जगाने पाहिले.

या खेळात विज्ञान दोन ठिकाणी आहे. एक रचनेत. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की तिरपा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. चौकोनात एक कर्ण घातला की तोही ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीपासून रेल्वेच्या पुलापर्यंत हेच तत्त्व आहे. दुसरे विज्ञान दाण्यात आहे. कोरड्या हरभऱ्यात काडी शिरत नाही. रात्रभर पाणी पिऊन तो फुगतो, वजनाला जवळजवळ दुप्पट होतो आणि मऊ पडतो, मग काडी आत घेतो. दोन दिवसांनी तो वाळतो, आकसतो आणि काडीला आवळून धरतो. सांधा आपोआप पक्का होतो. ठोकळ्यांची पेटी पहिले विज्ञान देते, दुसरे देऊ शकत नाही. लाकडी ठोकळा रात्री असतो तसाच सकाळी असतो. स्वयंपाकघरातला दाणा मात्र रात्रीतून बदलतो, आणि ‘का?’ हा प्रश्न मुलाला त्या बदलातून पडतो.

आपल्याकडे बालशिक्षणाची ही चळवळ आली ती मुख्यतः माँटेसोरीच्या वाटेने. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२०मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३मध्ये तिथे गेल्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरी पद्धतीत एक ते दहा सेंटिमीटर बाजूंच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा असतो, आणि पाणी ओतणे, दाणे एका भांड्यातून दुसऱ्यात घालणे असे घरगुती कामांचे पाठही असतात. पण मनोऱ्याची जागा वेगळी आणि दाण्यांची वेगळी. शिवाय ते साहित्य नेमक्या मापाचे, म्हणून महागडे.

ताराबाईंनी १९४५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि हा प्रश्न समोर उभा राहिला. सोबतीला अनुताई वाघ होत्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांलगत गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी आली. अंगणात पेटी कुठली? तिथे बिया, शिंपले, पाने, खडे आणि माती होती, आणि तेच साहित्य झाले. गरिबीमुळे केलेली ही तडजोड होती, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. बीची निवड केली की मोजणीही आली आणि रुजणेही आले. शास्त्रशुद्ध साहित्यात जे वेगळे पडले होते, ते अंगणात पुन्हा एकत्र आले.

खरे तर आपल्या मुलांना हे कोणी शिकवायला हवे होते असेही नाही. खानदेशात ज्वारी निघाली की पोरे कडब्याचे ताट सोलून आतला भेंड काढतात, त्याचे तुकडे करतात आणि वरच्या सालीच्या चोया टोचून ते जोडतात. त्यातून बैलगाडी होते, चाकांसकट. मऊ सांधा आणि ताठ काडी, हीच ती एकोणिसावी भेट. पुण्या-मुंबईकडे दिवाळीत मुले किल्ला करतात. विटा आणि दगड रचून, मातीने लिंपून झाले की घरातल्या डब्यातली मोहरी नाहीतर हळीव त्यावर पेरतात. चार दिवसांत तटावर हिरवळ येते. बांधकाम आणि स्वयंपाकघर यांची इतकी सुरेख सांगड कोणत्याही पेटीत मिळणार नाही. आपण मात्र तिला सुटीतला उद्योग म्हणतो, शिक्षण म्हणत नाही.

१९७०च्या दशकात काही शहाण्या माणसांनी ते शिक्षण आहे असे म्हटले. मध्य प्रदेशात १९७२मध्ये होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सोळा शाळांत सुरू झाला. पुण्याच्या टेल्कोतले तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८मध्ये रजा घेऊन तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी आकार केले. चौकोन हलतो आणि त्रिकोण हलत नाही, हे मुलांनी तिथेही बोटांनीच शोधले. आमच्या जळगाव जिल्ह्यात, तापीपलीकडच्या खिरोद्याच्या परिसरात, त्याच दशकात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचे काम केले. खिरोद्याजवळच फैजपूर. तिथे १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि नंदलाल बोस यांनी त्याची नगरी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून सजवली. पुढच्याच वर्षी वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली. हाताजवळच्या वस्तूतून मोठी गोष्ट उभी करायची, हा धडा खानदेशाला नवा नव्हता.

आता आजीचा प्रश्न. फ्रोबेलच्या वाटाण्यांना तो कोणी विचारला असेल की नाही, कोण जाणे. पहूरमध्ये मात्र तो टाळता येत नव्हता. ज्या मुलाने मनोरा खाल्ला, त्याने खेळ बिघडवला नव्हता. त्याने आम्हाला एवढेच दाखवले होते, की तो सकाळी काही न खाता आला होता.

आत्याने आठवडाभर खेळ बंद ठेवला. मग पुन्हा सुरू केला, पण क्रम बदलून. आधी घुगऱ्या, मग मनोरा. भिजवलेल्या हरभऱ्यांचा मोठा वाटा ती मुलांसमोर शिजवायची. कोरडा, भिजलेला आणि शिजलेला असे तीन दाणे एका ताटलीत ठेवून मुलांना ते दाबून पाहायला लावायची. सगळ्यांची पोटे भरली की उरलेल्या मूठभर दाण्यांचा खेळ. खेळून झालेले दाणे शेळीला.

आजी यावर काही बोलली नाही. पण काही दिवसांनी हरभरा निवडताना ती सुपात एक वेगळा ढीग करू लागली. डागी, सुरकुतलेले दाणे त्या ढिगात जात आणि त्याची पुरचुंडी सकाळी आत्याच्या पिशवीत असे. किडके दाणे ती पाण्यात टाकून वेगळे काढी. पोखरलेला दाणा पोकळ, म्हणून तो वर तरंगतो. आत्याने तेही बालवाडीत नेले. काचेच्या बरणीत मुले दाणे टाकत आणि कोणता बुडेल, कोणता तरंगेल, यावर भांडत. तरंगणारा दाणा फोडून पाहिला की आत पोकळी आणि कधी कधी तिचा मालकही सापडे. अक्षर न वाचलेल्या माझ्या आजीने त्या बालवाडीला दिलेला हा पाठ कोणत्याही शिबिरात मिळाला नसता.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. आजी बरोबर होती आणि खेळही बरोबर होता. चूक होती ती क्रमात. ज्या समाजाने उपास काढले आहेत, तिथे अन्नाशी खेळायचे तर खेळाचा शेवट अन्नाचा मान राखून झाला पाहिजे. तसा तो झाला की विज्ञानही पुरे होते, कारण दाण्याची गोष्ट सांध्यात संपत नाही, ती शिजण्यात आणि पचण्यातही आहे. आज अंगणवाडीत खाऊ शिजतो आणि त्याच खोलीत मुले खेळतात. भिंत एकही नाही, तरी शिजण्याची वेळ वेगळी आणि शिकण्याची वेगळी. २०२३मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. खेळण्यांना शिक्षणात मान मिळाला, याचा आनंद आहे. फक्त तो उघडायला भीती वाटू नये, आणि शेजारच्या पातेल्यातही एक पिटारा आहे हे विसरले जाऊ नये.

आत्या कामातून मोकळी झाली तेव्हा कपाटाचा ताबा द्यायला मी तिच्याबरोबर गेलो होतो. नव्या बाईंनी वही उघडली. पेटीवरची धूळ झटकून आम्ही तिघांनी चटईवर ठोकळे मांडले आणि मोजले. रंग कुठेही उडाला नव्हता. कोपरे तसेच टोकदार होते. नोंद आणि मोजणी जुळली. एकही ठोकळा हरवला नव्हता. आत्याने सही केली आणि बाहेर येऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिली.